पुढचं चाक हलकं झालं की

तेलगावच्या सुंदरराव सोळंके साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की एकदा रानातून ऊस बाहेर काढताना बघावा. काळी जमीन, त्यात दोन ट्रॉल्या शिगोशीग भरलेल्या. ड्रायव्हर पहिला गिअर टाकून क्लच सोडतो, मागची चाकं माती धरतात आणि ट्रॅक्टर पुढून उचलतो. कधी वीतभर, कधी हातभर.

नवखा पोरगा अशा वेळी स्टेअरिंग गरागरा फिरवतो. उपयोग शून्य, कारण चाकं हवेत. उलट ती वाकडी असतानाच खाली टेकली तर ट्रॅक्टर हिसका देऊन बांधावर जातो. मग गावभर ‘स्टेअरिंग फेल’! स्टेअरिंगला काय झालेलं असतं? मुरलेला गडी चाकं सरळ ठेवतो आणि पायाने काम करतो. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा. डावा दाबला की तोंड डावीकडे. फारच उचलला, तर क्लच दाबून जोर काढून घ्यायचा.

बारामतीच्या धावपट्टीवर छोटं विमान शिकणाऱ्यांची परीक्षा हीच. सेसना 172 च्या हातातलं चक्र जमिनीवर विमान वळवत नाही. वळवतात ते पाय. पेडलला पुढचं चाकही जोडलेलं आणि शेपटीचं सुकाणूही. पंखा वैमानिकाच्या बाजूने बघता उजवीकडे फिरतो, त्यामुळे पूर्ण जोर दिला की नाक डावीकडे ओढतं. त्यात डावीकडून वारा असेल तर आणखीच. उजवा पाय दाबून धरावा लागतो. साधारण 55 नॉट, म्हणजे ताशी 100 किलोमीटरला नाक उचलायचं. घाईने आधीच उचललं तर चाकाची पकड सुटते आणि सुकाणूला पुरेसा वारा मिळालेला नसतो. विमान कडेच्या गवताकडे निघतं. घाबरून उलटा पाय जोरात मारला तर दुसऱ्या कडेला. माझ्या मते खरा घात या दुसऱ्या झटक्यात असतो. उपाय ट्रॅक्टरवालाच: जमिनीवर असतानाच थ्रॉटल मागे, पाय सरळ, थांबा.

ब्रेकही पेडलच्या वरच्या टोकाला, डावा-उजवा वेगळा. म्हणून उड्डाणाच्या वेळी टाचा खाली टेकवून ठेवायला शिकवतात.

ट्रॅक्टरवाल्यांनो, रानातून डांबरीवर येताच दोन्ही ब्रेकची पट्टी जोडून घ्या. भरधाव ट्रॅक्टरचा एकच ब्रेक लागला, तर तो उलटतो.