थंडीच्या दिवसांत वडीलधाऱ्यांचे मन

धानाची कापणी व मळणी उरकली की बालाघाट जिल्ह्यातील आमच्या खेड्यांवर एक प्रकारची शांतता पसरते. वैनगंगेच्या काठी सकाळी धुके दाटते. बैहरच्या पठारावर गारठा अधिक, आणि कान्हाच्या कुरणांवर तर कधी कधी दव गोठून पांढरे दिसते. तरुणांस हा ऋतू सुखाचा वाटतो. परंतु ह्याच दिवसांत पुष्कळ घरांतील वडीलधारी माणसे हळूहळू अबोल होतात, जेवण कमी करतात, बाजेवर पडून राहतात, आणि कोणी विचारले तर "काही नाही, थंडी आहे" एवढेच सांगतात. घरची मंडळीही "आता वयच झाले" असे म्हणून विषय सोडून देतात. वाचकहो, ह्या "वयच झाले" ह्या दोन शब्दांआड पुष्कळदा एक बरे होण्याजोगे दुखणे लपलेले असते. त्याविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

हिवाळ्यात येणाऱ्या आणि ऋतू पालटताच ओसरणाऱ्या खिन्नतेचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. सूर्यप्रकाश उणा पडला की शरीरातील झोप-जागेचे घड्याळ मागेपुढे होते, व त्याचा परिणाम मनावर होतो, असे तज्ज्ञ मानतात. नॉर्वे देशातील ट्रोम्सो ह्या शहरी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडे तशी स्थिती मुळीच नाही. बालाघाटला डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसही सुमारे पावणेअकरा तासांचा असतो, आणि आकाश बहुधा निरभ्र असते.

मग आपल्या वृद्धांच्या मनावर मळभ का यावे? आमच्या मते त्याची कारणे तीन. सूर्य अंगणात असतो, पण आजोबा आतल्या खोलीत गोधडीखाली असतात. दुसरे, शेतीचे काम संपल्याने दिवस रिकामा होतो, आणि मुले मजुरीसाठी नागपूर किंवा हैदराबादेकडे गेल्याने घरही रिकामे होते. तिसरे कारण म्हणजे रात्र. ती सव्वातेरा तासांची असते. वृद्ध माणूस सातलाच अंथरुणात शिरतो; सहा-सात तासांची झोप दोनच्या सुमारास संपते; आणि मग उजाडेपर्यंत पाच तास काळोखात तो एकटा आपल्या गतकाळाशी बोलत बसतो. ह्या पाच तासांत जे विचार येतात, ते क्वचितच आनंदाचे असतात.

कारण समजले म्हणजे उपायही दिसू लागतो. पहिला उपाय उन्हाचा. परदेशी डॉक्टर अशा रोग्यांस सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स इतक्या तेजाच्या दिव्यासमोर बसवितात. घरातील साध्या दिव्याचा उजेड दोन-तीनशे लक्सपलीकडे सहसा जात नाही. परंतु स्वच्छ दिवशी अंगणातील सावलीतही दहा हजारांहून अधिक उजेड असतो. जो दिवा तिकडे विकत घ्यावा लागतो, तो आपल्या छपरीत फुकट जळत आहे! तेव्हा चहा आत न देता बाहेर द्यावा, आणि बाज पूर्वेच्या बाजूस ओढावी. सूर्याकडे टक लावून पाहण्याचे कारण नाही. उजेडात बसणे एवढेच पुरे. मात्र पहाटेच्या धुक्यात फिरावयास पाठवू नये. थंडीने रक्तदाब वाढतो व हृदयावर ताण येतो. म्हणून ऊन चांगले पडल्यावर, कान व छाती झाकून, बाहेर पडावे.

दुसरा उपाय रात्र आखूड करण्याचा. संध्याकाळी साडेपाचनंतर अंधारून येते. तेथपासून नऊ-साडेनऊपर्यंत वृद्धांस माणसांत बसवावे. नातवंडांचा अभ्यास, घरची प्रार्थना, जेवण, जुन्या गोष्टी ह्यांत हा वेळ सहज जातो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी. रात्री उठावे लागते ह्या भीतीने पुष्कळ वृद्ध पाणीच पीत नाहीत. त्याने थकवा व गोंधळ वाढतो. दिवसा पाणी भरपूर द्यावे, आणि निजण्यापूर्वी कमी करावे.

तिसरा उपाय कामाचा. खिन्न माणूस म्हणतो, "बरे वाटले म्हणजे उठेन". परंतु अनुभव असा की आधी उठावे लागते, आणि बरे मागाहून वाटते. म्हणून रोज ठरलेल्या वेळी एक लहानसे काम वृद्धांच्या हाती असावे. पोपटाच्या शेंगा सोलणे, जवस पाखडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, परसातील वाफ्यास पाणी देणे, ह्यांपैकी काहीही चालेल. चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे बियाणे कसे राखावे हे नातवास कोण सांगणार? हे काम मनोरंजनाखातर दिले असे मात्र वृद्धांस वाटू देऊ नये. घराला आपली गरज आहे ही जाणीव औषधापेक्षा कमी नाही. जोडीला थोडे चालणे असावे, आणि भिंतीचा आधार घेऊन एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस असावा. त्याने पडण्याची भीती कमी होते.

येथे दोन धोक्यांची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि निजलेला माणूस पुन्हा उठत नाही. तसेच अंगात ऊब यावी म्हणून मोहाची दारू घेणे हा शुद्ध भ्रम आहे. दारूने कातडीला ऊब भासते, पण आतली उष्णता बाहेर जाते, झोप मोडते, आणि खिन्नता दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परत येते.

नाताळच्या सणाविषयी एक शब्द. सणासाठी मुले-सुना घरी येतात, अंगण गजबजते, आणि जानेवारी लागताच सारे निघून जातात. वृद्धांस सर्वांत जड जातात ते हेच पुढचे दिवस. रिकाम्या खुर्चीकडे पाहून दिवंगत जोडीदाराची आठवणही त्याच वेळी दाटून येते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून ठरवून दिला. तो आपण अवश्य पाळावा. परंतु भेटीची खरी निकड जानेवारीत असते. दूर असलेल्या मुलाने रविवारी एकदा तासभर बोलण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटे फोन करावा. वाट पाहावयास काहीतरी असणे, हाच वृद्धांचा मोठा आधार होय.

एवढे करूनही मन उजळले नाही तर? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, अन्न जाईना, वजन घटू लागले, अंगदुखीची तक्रार थांबेना, किंवा "आता जगून काय करायचे" असे उद्गार निघू लागले, तर वेळ न दवडता डॉक्टरांस दाखवावे. रक्त कमी असणे, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, किंवा चालू असलेले एखादे औषध हेही कारण असू शकते. बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे कठीण असेल तर १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि कृपा करून कोणी असे म्हणू नये की खिन्न झालेल्या वृद्धाची श्रद्धा उणी पडली. ताप आलेल्या माणसास आपण तसे म्हणत नाही. संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. आधी भाकर व पाणी दिले, निजू दिले, आणि मग पुन्हा उठवून खाऊ घातले. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांशीही आपण ह्याच क्रमाने वागावे. उद्या सकाळी ऊन अंगणात आले की त्यांची बाज तेवढी बाहेर ओढा, आणि आपला चहाही तेथेच घेऊन बसा.