मालवण किनारा : जाण्यापूर्वी

दर्शनीय : कुरटे बेटावर १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग, त्यातील शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, दक्षिणेस तारकर्ली व देवबाग.

प्रवाळ : १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात प्रवाळ तोडण्यास कायद्याने सक्त मनाई.

ओढ : लाटा फुटत असता मधेच जो पट्टा शांत, म्हणूनच फसवा दिसतो, तेथून पाणी वेगाने समुद्राकडे परतत असते, त्यात सापडलेल्याने प्रवाहाशी झुंजून शक्ती न दवडता, हात उंचावून साहाय्य मागावे आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे.

उधाण : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास. कर्ली नदीच्या मुखाशी स्नान वर्ज्य.

पावसाळा : जून ते ऑगस्ट प्रवासी होड्या बंद.

संकटसमयी : ११२.