दलालाला किल्ली देण्यापूर्वी कागद करा

घर विकायचे ठरले की ही बातमी नातेवाइकांच्या आधी इस्त्रीवाल्याला आणि वॉचमनला कळते. दोन दिवसांत एजंट दारात हजर! चहाचा घोट घेत तो विचारतो, ‘‘साहेब, तुमच्या हातात किती पडायला हवेत तेवढे सांगा. वरचे माझे.’’ साहेब बायकोकडे पाहतात, ती मान डोलावते आणि 60 लाखांवर बोलणे पक्के होते. खिशातून दलाली द्यायची नाही, मग आणखी काय हवे?

फसगत इथेच सुरू होते. समजा, घर 66 लाखांना गेले. 2 टक्के दलाली ठरली असती तर एजंटला 1 लाख 32 हजार मिळाले असते. आता तो 6 लाख घेऊन जातो. कागदावर किंमत 66 लाख असेल तर भांडवली नफ्याचा हिशेबही तुमच्याच नावावर 66 लाखांचा होतो. वरची रक्कम रोखीत फिरली, तर आयकर खात्याच्या प्रश्नांची उत्तरे देत बसायची पाळीही तुमचीच. शिवाय 61 लाख देणारे सज्जन गिऱ्हाईक आले, तर एजंट ते तुमच्यापर्यंत आणेलच कशाला? त्यात त्याला एकच लाख सुटतो. म्हणून ‘वरचे तुझे’ हे शब्द तोंडातून काढूच नका. टक्केवारी ठरवा आणि ती लिहून घ्या.

दलाली साधारण 1 ते 2 टक्के असते. ती खरेदीखतातील किमतीवर की आणखी कशावर, जीएसटी त्यात धरलेला की वेगळा, हे आधीच विचारा. पैसे चेकने द्या आणि पावती घ्या. घर विकण्यासाठी दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा करता येते. पावती नसेल तर हा फायदा पदरात पाडून घेणे कठीण.

दलाली केव्हा द्यायची?

सगळ्यात जास्त भांडणे यावरून होतात. एजंट म्हणतो, गिऱ्हाईक दाखवले, माझे काम झाले. तुम्ही म्हणता, त्याचे बँकेचे कर्जच मंजूर झाले नाही, दलाली कसली? 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 219 सांगते की, वेगळे ठरलेले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मेहनताना देय होत नाही. पण ‘काम’ म्हणजे काय, यावरच तर वाद असतो. तेव्हा सरळ लिहा: अर्धी रक्कम विक्री कराराच्या नोंदणीच्या दिवशी, उरलेली पूर्ण पैसे हाती आल्यावर.

घर एकाच एजंटकडे द्यायचे की चौघांकडे, हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा प्रश्न. एकालाच दिले तर तो जाहिरातीवर खर्च करतो, चौघांना दिले तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. एकालाच देणार असाल तर एक वाक्य विसरू नका: आमच्या मामेभावाने किंवा शेजाऱ्याने परस्पर घर घेतले, तर दलाली लागणार नाही. हे वाक्य नसले तर घरातल्या घरात झालेल्या व्यवहारावरही एजंट हक्क सांगू शकतो.

मुदत 3 महिन्यांहून जास्त ठेवू नका. ठरलेल्या मुदतीआधी सबळ कारणाशिवाय एजंटला काढले, तर कलम 205 प्रमाणे भरपाई द्यावी लागू शकते. एजंट स्वतःच्या खिशातून ‘थोडे अ‍ॅडव्हान्स’ देऊ लागला तर हात आखडता घ्या. विक्रीच्या पैशातून ही रक्कम वळती करून घ्यायचे त्याच्याशी ठरले, तर त्याचा त्या घरात हितसंबंध तयार होतो. मग कलम 202 प्रमाणे त्याचे अधिकार सहजासहजी काढून घेता येत नाहीत. कुलमुखत्यारपत्र तर मुळीच देऊ नका.

एजंट खरेदीदाराकडूनही दलाली घेणार का, हे स्पष्ट विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. तुम्हाला अंधारात ठेवून त्याने स्वतःच किंवा मेहुण्याच्या नावावर घर घेतले आणि त्यात तुमचे नुकसान झाले, तर कलम 215 तुम्हाला तो व्यवहार नाकारू देते.

रेराचे काय?

2016 च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात 2023 पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. नोंदणी क्रमांक जरूर मागा. मात्र हा कायदा मुख्यतः नोंदणी झालेल्या प्रकल्पांमधील विक्रीसाठी आहे. 30 वर्षे जुन्या सोसायटीतला तुमचा फ्लॅट बहुधा त्यात बसत नाही. तिथे तुमच्या हातातला कागद हाच आधार.

शेअर सर्टिफिकेट आणि मूळ करार कपाटातच ठेवा, एजंटला झेरॉक्स पुरते. किल्ली दिली असेल तर तीही कागदात लिहा. मुदत संपली की दोन ओळींचे पत्र द्या, प्रतीवर त्याची सही घ्या आणि त्याच वेळी किल्ली परत मागून घ्या.