कौशल्याची पारख – लेखांक ६ : बटण कुठे आहे, हे विचारू नका

नो-कोड ॲप बांधणाऱ्याला काय काय यावे लागते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले: माहितीची तक्त्यांत मांडणी, कामाचे नियम, कोणाला काय दिसावे याच्या परवानग्या आणि चाचणी. कोड लिहावा लागत नसला, तरी ही चारही कामे विचार करूनच करावी लागतात. ती तपासणारे प्रश्न न्याय्य कसे करायचे, हा आजचा विषय.

कौशल्याखेरीज दुसऱ्या कशामुळे एखाद्याचा गुण वाढत किंवा घटत असेल, तर तो प्रश्न अन्याय करतो. नोकरभरतीत ही बाब कायद्यापर्यंत पोहोचलेली आहे. अमेरिकेतील ड्यूक पॉवर कंपनीने बऱ्या पगाराच्या कामांसाठी शालान्त प्रमाणपत्राची आणि सर्वसाधारण बुद्धिमापन चाचण्यांची अट घातली होती. कृष्णवर्णीय कामगार त्या अटीमुळे मोठ्या प्रमाणावर वगळले जात होते. १९७१ साली ग्रिग्ज खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध असला पाहिजे.

आता नेहमी दिसणारा एक प्रश्न घ्या: ‘पॉवर ॲप्समध्ये नोंदींची मर्यादा बदलण्याची सोय कोणत्या मेनूत आहे?’ यात पाठांतर तपासले जाते. उद्या पडद्याची रचना बदलली की उत्तर चुकते. झोहो क्रिएटर किंवा ॲपशीटवर शिकलेला कसबी माणूस इथे विनाकारण मागे पडतो.

याच मुद्द्यावर चांगला प्रश्न करता येतो. पॉवर ॲप्समध्ये बेरीज किंवा छाननी जिथे माहिती साठवली आहे तिथेच करवून घेता आली नाही, तर ॲप ठरावीक नोंदीच स्वतःकडे आणते. ही मर्यादा मुळात ५०० असते आणि फार तर २,००० करता येते. बांधणाऱ्याला संपादनाच्या पडद्यावर इशारा दिसतो, पण वापरणाऱ्याला चुकीचा आकडा अगदी बरोबर वाटतो. म्हणून प्रश्न असा मांडावा:

‘एका बचत गटात २० सदस्य आहेत. प्रत्येक सदस्य दरमहा एक हप्ता भरतो आणि प्रत्येक हप्त्याची एक नोंद होते. वापरलेले साधन बेरजेसाठी सर्वांत जुन्या ५०० नोंदीच आणते. गटाच्या एकूण जमेचा आकडा कितव्या महिन्यापासून चुकेल? ही चूक गटाच्या लक्षात येण्याआधी तुम्ही ती कशी पकडाल?’

पंचवीस महिन्यांत ५०० नोंदी भरतात, म्हणून सव्विसाव्या महिन्यापासून बेरीज कमी येईल. साधनाचा नियम प्रश्नातच दिल्यामुळे कोणत्याही साधनावर शिकलेल्याला विचार करता येतो. हप्त्याचा हिशेबही प्रश्नातच आहे, त्यामुळे बचत गट जवळून न पाहिलेला उमेदवार अडत नाही. प्रश्नाचा दुसरा भाग चाचणीची सवय तपासतो. मुद्दाम ५०१ नोंदी भरून पाहीन, असे सुचवणाऱ्याला काम कळले आहे.

परवानग्यांचा प्रश्नही असाच करता येतो. सदस्याला फक्त स्वतःचे कर्ज दिसावे, म्हणून एकाने इतरांच्या ओळी पडद्यावर लपवल्या, तर दुसऱ्याने त्या फोनपर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत. माहिती सुरक्षित कोणाच्या ॲपमध्ये, आणि का? ॲपशीटमध्ये हा फरक ‘स्लाइस’ आणि ‘सिक्युरिटी फिल्टर’ यांच्यात आहे. नावे पाठ नसली तरी चालेल, पण फरक समजलाच पाहिजे, कारण इथली चूक कोणाच्या तरी घरातली अडचण चारचौघांत आणते.

प्रत्यक्ष ॲप बांधून दाखवायला सांगणे उत्तमच, पण तिथेही पथ्ये आहेत. घरी करायला दोन-तीन दिवसांचे काम दिले, तर नोकरी किंवा घर सांभाळून परीक्षा देणारे मागे पडतात. तास-दीड तासात होईल एवढेच द्यावे, आणि संस्थेचे खरे काम परीक्षेच्या नावाखाली फुकट करून घेऊ नये. मदतपृष्ठे उघडी ठेवू द्यावीत, कारण रोजच्या कामातही ती उघडीच असतात. इंग्रजीत अडखळणाऱ्याला प्रश्न मराठीत द्यावा. रंगसंगतीला गुण असतील, तर तसे आधी सांगावे.

शेवटची तपासणी परीक्षेनंतर करायची. एकूण गुणांत वरचे आणि खालचे सुमारे २७ टक्के उमेदवार वेगळे काढून, प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत कितींना आला ते पाहण्याची रीत आहे. ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये या प्रमाणाची सांख्यिकी बाजू मांडली. वरच्यांना न सुटलेला प्रश्न खालच्यांना सुटत असेल, तर शब्दरचना किंवा उत्तरसूची पुन्हा तपासा. मात्र दहा-बारा उमेदवारांवरून निष्कर्ष काढू नका.

या आठवड्यात तुमची जुनी प्रश्नपत्रिका घ्या. प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिहा: चांगला बांधणारा इथे कशामुळे चुकू शकतो, आणि न येणारा कशामुळे सुटू शकतो? यातले एकही उत्तर कौशल्याबाहेरचे निघाले, तर तो प्रश्न नव्याने लिहा.

(पुढील लेखांक : दोन परीक्षक, एकच गुण – गुणदानाचा तक्ता कसा करावा)