बैल, ऑटोपायलट आणि काकडी

सकाळी ९.३०
बंगळुरूतलं घर. दुपारची ड्यूटी असली की सकाळ संपता संपत नाही. राहात्याहून आईचा फोन. "आज इकडंच का रे?" "हो, काकडीला." शिर्डीचं विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला ते सुरू झालं, तेव्हापासून आईच्या लेखी मी नोकरी करतो ती काकडीला. दिल्ली-मुंबई वाटेत लागतात. तिचा दुसरा प्रश्नही ठरलेला: "आता सगळं आपोआप चालतं म्हणे, मग तुम्ही दोघं दोघं कशाला?" मी म्हणतो, चहा प्यायला.

खरं उत्तर तिच्याच सासऱ्यांनी देऊन ठेवलं आहे. आजोबा रात्री उसाची गाडी कारखान्याला न्यायचे. पुढच्या गाडीमागं बैल आपले चालत, आजोबा उसावर आडवे. फाटा जवळ आला की मात्र उठून बसत. म्हणायचे, "बैलांना वाट ठाऊक असती. पण आज कारखान्याला जायचं का घरी, ते थोडंच ठाऊक असतं?"

११.३०
विमानतळावर हजेरी. आधी नळीत फुंकर मारून दारूची तपासणी. या तपासणीपायी माउथवॉशसुद्धा वर्ज्य. सर्दीला होमिओपॅथीचे थेंब घ्यायचे तरी दहादा विचार करावा लागतो. मग हवामानाचे कागद. ऑक्टोबरचा मध्य, परतीचा पाऊस. दुपारनंतर नगर जिल्ह्यावर ढग उभे राहणार असं दिसतंय. वीस मिनिटांचं इंधन जास्त मागितलं. काकडीला उतरता नाही आलं तर संभाजीनगर.

को-पायलट नांदेडची. नोकरीला दीड वर्ष झालंय. जातानाची खेप तिची, येतानाची माझी. ज्याची खेप तो उडवतो, दुसरा पाहतो. यातलं पाहणं अवघड. उडवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात. पाहणाऱ्याला नुसतं जागं राहायचं असतं, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना जागं राहणं माणसाच्या स्वभावात नाही.

१२.२५
कॉकपिट. ती मार्ग कॉम्प्युटरमध्ये भरते, मी कागद हातात धरून एकेक टप्पा मोठ्याने वाचतो. अंतर, दिशा, उंची. कंटाळवाणं काम आहे आणि ते कंटाळवाणंच राहायला हवं. इथं घाई करून चुकीचा आकडा भरला, तर यंत्र ती चूकसुद्धा अगदी काटेकोरपणे पार पाडतं.

१३.१५
उड्डाण. थोड्या उंचीवर तिने ऑटोपायलट लावला आणि समोरच्या पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवली. पडद्याच्या अगदी वर पाच रकान्यांची एक पट्टी असते, एफएमए म्हणतात. इंजिनं काय करताहेत, नाक कशाच्या हुकमाने वर-खाली होतंय, विमान कोणत्या वाटेने चाललंय, हे तिथं दोन-चार अक्षरांत लिहिलेलं असतं. अक्षर बदललं की म्हणायचं, तेही मोठ्याने. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नाही. पट्टीवर उमटलं तरच झालं. माझ्या मते या विमानातलं सगळं शहाणपण त्या पट्टीत आहे.

१३.४०
चौतीस हजार फूट. खाली विजापूरकडचा मुलूख, पुढं पंढरपूर. चहा आला (आईला खोटं सांगत नाही मी). अशा निवांत वेळी मी एक खेळ खेळतो: आत्ता वेगाचे काटे गेले तर? नाक साधारण अडीच अंश वर, इंजिनांची ताकद अमुक. हे दोन आकडे पाठ असले तर विमान उडत राहतं. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं. ऑटोपायलटने हात झटकले. विमान उडण्याजोगं होतं, पण गोंधळात नाक वर-खाली करणारी काठी मागे ओढली गेली आणि ओढलेलीच राहिली. २२८ माणसं गेली. आमच्या विमानातही तशाच दोन काठ्या आहेत; एकाने काठी ओढली तर दुसऱ्याच्या हाताला ते कळत नाही. म्हणून कोण उडवतंय तेही तोंडाने सांगायचं.

१४.००
उजनीचं पाणी दिसलं आणि उतरायला सुरुवात. नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) अलीकडे समोर ढग, फुलकोबीसारखा फुगलेला. तिने ठरलेली वाट सोडून विमान डावीकडे वळवलं. बरोबर केलं. पण वाट सोडल्याबरोबर उतरण्याचा मोडही गुपचूप बदलला. आधी कॉम्प्युटर धावपट्टीपर्यंतचा उतार सांभाळत होता. आता तो फक्त मिनिटाला अमुक फूट एवढंच पाळणार होता. असंच चालू राहिलं असतं तर काकडीला फार उंचावर पोहोचलो असतो. तिचे डोळे रडारवर. मी दोन सेकंद थांबलो, मग म्हणालो, "पट्टी वाच." तिने वाचली, जीभ चावली आणि वेगरोधक उघडले.

चूक किरकोळ. पण मी राहतो तिथून बंगळुरूचं जुनं विमानतळ लांब नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून तिथं आलेलं इंडियन एअरलाइन्सचं, आमच्याच जातीचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. विमान तेव्हा नवंकोरं होतं. उतरताना ते भलत्याच मोडमध्ये होतं, इंजिनं रिकामी फिरत होती, वेग घटत होता. ध्यानात आलं तेव्हा इंजिनांना जोर धरायला वेळ उरला नव्हता. १४६ पैकी ९२ जणांचा जीव गेला. या विमानात इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त होताना थ्रॉटलचे दांडे हलत नाहीत. हाताला काही कळत नाही. डोळ्यांनीच पाहावं लागतं.

१४.१८
दहा हजार फुटांखाली गप्पा बंद, म्हणजे आमची मराठीही बंद. मुळा धरण मागं पडलं. वारा पश्चिमेचा, तेव्हा पूर्वेकडून उतरायचं. पाऊस नाही, धावपट्टी स्वच्छ दिसतेय. दर वेळी इतकं सोपं नसतं. २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता नाही म्हणून इथली विमानं कित्येक दिवस बंद होती. तिने इंग्रजीत विचारलं, "सर, हाताने घेऊ?" घे म्हटलं. ऑटोपायलट काढल्याचा कर्कश गजर वाजला, मग इंजिनांची ताकद सांभाळणारं ऑटोथ्रस्टही काढलं. पहिलं मिनिटभर विमान थोडं डुललं. जमिनीपासून हजार फुटांवर मी म्हणालो, "स्टेबल." वेग, चाकं, पंखांच्या फळ्या, उतार, सगळं जागेवर. यातलं एकही नसतं तर वर उचलून पुन्हा फेरी, त्यावर चर्चा नाही.

१४.३०
टेकलो. किंचित पुढं, पण मधोमध.

१४.५०
शिडीवरून ऊन आणि ओल्या मातीचा वास. आई इथून अर्ध्या तासावर, आणि मला विमानतळाबाहेर जाता येत नाही. प्रवासी कपाळाला उदी लावून, पेढ्यांचे पुडे घेऊन रांगेत उभे.

१५.२०
परतीची खेप माझी. आता ढग चहूकडून उभे, खिडकीवर पाऊस. मी लगेच ऑटोपायलट लावला. ढगांतून वाट काढताना, टॉवरशी बोलताना हाताने विमान धरून बसणं ही मर्दुमकी नव्हे, उगाच ओढवून घेतलेला भार. तिने पट्टी पाहिली आणि एक बदल माझ्याआधी वाचला. मी विसरलो होतो.

१७.३०
घरी निघायच्या आधी माझी खाजगी वही काढली. कंपनीला ती लागत नाही. आजची नोंद: एकूण उड्डाण दोन तास एकतीस मिनिटं, हाताने, को-पायलट नऊ मिनिटं, मी तीन. पट्टी वाचायची राहिली: तिची एक, माझी एक.