शारदेला कुणी विचारले होते?

नाटक-कादंबरीतली माणसे खोटी असतात, हे आपल्याला चांगले ठाऊक असते. तरी त्यांच्यासाठी आपण रडतो, त्यांच्यावर चिडतो, घरी येऊन वाद घालतो. या खोट्या माणसांचा एक मोठा उपयोग आहे. शेजारच्या घरात काय चालले आहे, ते चारचौघांत बोलता येत नाही. बोललो तर भांडण होते. पण नाटकातल्या नवऱ्याबद्दल, सिनेमातल्या सासऱ्याबद्दल वाटेल ते बोलावे, कुणाची अब्रू जात नाही. म्हणून मानाची, संमतीची आणि मर्यादेची गोष्ट काढायची तर मी इथूनच सुरुवात करीन.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. भुजंगनाथ नावाचा पैसेवाला म्हातारा, त्याला बायको हवी. भद्रेश्वर दीक्षित हा जुळवाजुळव करणारा. कांचनभट हा मुलीचा बाप, पैशाचा लोभी. आणि शारदा. सौदा ठरतो, मुहूर्त धरला जातो. लग्न मोडते ते वर आणि वधू सगोत्र आहेत हे उघड होते म्हणून.

आता इथे जरा थांबा. लग्न कशाने मोडले? गोत्राने. शारदेला हा नवरा नको होता, हे घरात कुणाला कळत नव्हते असे नाही. आईला कळत होते, मैत्रिणींना कळत होते, प्रेक्षकाला तर पहिल्या अंकापासून कळते. पण तिच्या ‘नको’ला मांडवात काही वजनच नव्हते. गोत्राला वजन होते. देवलांनी मुद्दाम असे केले की कथानकाची सोय म्हणून, ते मी सांगू शकत नाही. पण त्या काळची खरी परिस्थिती त्यात जशीच्या तशी उतरली आहे. (पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला. पुष्कळांना वाटते की ते नाव या नाटकावरून पडले. तसे नाही. हरविलास सारडा यांनी ते विधेयक मांडले होते, त्यांच्या आडनावावरून ते नाव आले.)

आणि खऱ्या बाईने ‘नको’ म्हटले तर काय होई, तेही मुंबईने आधी पाहिले होते. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. एका न्यायाधीशाने रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करतो म्हणून सांगितले! शेवटी १८८८ साली पैसे देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटकडे त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली.

आपल्याकडे म्हणतात, मौन हे संमतीचे लक्षण. मला हे वचन फार घातक वाटते. मुलगी मान खाली घालून बसली, याचा अर्थ ती लाजली असा घेतात. ती घाबरली असेल, थकली असेल, बोलून उपयोग नाही हे तिला कळले असेल. होकार हा विचारल्यावर मिळतो. आणि विचारणे म्हणजे ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून विचारणे. दहा पाहुणे समोर बसवून ‘काय गं, पसंत आहे ना?’ म्हटले, तर त्याला विचारणे म्हणत नाहीत.

१९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ चित्रपट आला, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. त्यातली नीरा शारदेपेक्षा पुढे गेलेली आहे. लोभापायी तिला एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. लग्न होते. पण ती त्याची बायको म्हणून वागायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी ही नीरा उभी केली. तिचा धटिंगण सावत्र मुलगा तिच्याशी लगट करू पाहतो तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते. मला मात्र नीरेपेक्षाही केशवराव दात्यांनी रंगवलेले काकासाहेब विचार करायला लावतात. हा माणूस दुष्ट नाही. रूढीने जे हातात दिले ते त्याने घेतले, इतकेच. हळूहळू त्याला कळते की आपण दुसऱ्याचे आयुष्य न विचारता उचलून आणले आहे. शेवटी तो स्वतःचा जीव देऊन तिला मोकळी करतो. हा शेवट मला पटत नाही, पण त्यामागचे कारण समजते. त्या वेळी हिंदू लग्नात सरसकट घटस्फोटाची सोयच नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४७ साली झाली आणि देशभर १९५५ साली.

‘मर्यादा’ या शब्दाचे आपण एक वाईट करून ठेवले आहे. ‘मर्यादेने वाग’ हे फक्त मुलीला सांगायचे. शेतकऱ्याला मी सांगतो, बांध आठवा. बांध तुमच्या शेताला असतो, पण तो सांभाळायचा शेजाऱ्यानेही. तो कोरला तर दोष कोरणाऱ्याचा. मुंबईच्या उपनगरात, कांदिवलीच्या पश्चिमेला चारकोप आहे. तिथे म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने लहान लहान भूखंड पाडून वसाहत वसवली. अशा ठिकाणी भिंतीच्या वीतभर जागेवरून दोन घरांत बोलणे बंद होते. पण त्याच घरात मुलीची वही न विचारता उघडली, तिचा फोन हातातून घेतला, तर त्याला कुणी आक्रमण म्हणत नाही. जागा लहान असली की हद्द नसते, असे थोडेच आहे? दारावर टकटक करायला पैसे पडत नाहीत.

शिक्षकांनी वर्गात ‘सैराट’ जरूर काढावा; २०१६ चा चित्रपट, मुलांनी पाहिलेला असतो. मुले शेवटाबद्दल बोलतील, ते साहजिक आहे. तुम्ही हैदराबादच्या भागाबद्दल विचारा. आर्चीवर जीव ओवाळून टाकणारा परश्या तिथे संशय घेतो आणि तिच्यावर हात उगारतो. ती निघून जाते, मग परत येते. प्रेक्षक त्याला चटकन माफ करतो, कारण तो आपला लाडका आहे. तीच थप्पड आर्चीच्या भावाने मारली असती तर? हा प्रश्न टाकून गप्प बसा. मुलगे काय म्हणतात ते आधी ऐका, मग मुली काय म्हणतात ते. बहुधा दोन्ही बाजू सारख्या निघणार नाहीत. कुणी मुलगी काहीच बोलली नाही, तर तिला उठवून बोलायला लावू नका.

आणि बोलता बोलता एखादीने घरचेच काही सांगितले, तर ते वर्गात पुढे नेऊ नये, तिला एकटीला भेटावे. आज मुलीच्या लग्नाचे वय १८ आणि मुलाचे २१ आहे. त्याआधी लग्न ठरत असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला) कळवता येते. १०९८ या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. त्याला पैसे पडत नाहीत.