चित्रशाळेची सनद नसलेला चित्रकार

चित्रशाळेची सनद पदरी नसताना केवळ सूक्ष्म निरीक्षण आणि अविश्रांत अभ्यास यांच्या बळावर चित्रकलेत स्वतंत्र स्थान मिळविणारे कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), यांनी आप्त व सहकारी आनंदराव यांच्यासमवेत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट निर्माण केला. तथापि त्यांच्या चित्रांतील मृदू, धूसर रंगमेळ मला त्याहूनही मोलाचा वाटतो. त्याच नगरीत चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी, पॅरिसच्या दृक्प्रत्ययवाद्यांप्रमाणेच, पाण्यावरील चंचल प्रकाशाचा मागोवा घेत होते, हा केवढा विलक्षण योग! प्रकाशाचा असाच मागोवा घेण्यासाठी बीडच्या स्वयंशिक्षित तरुण चित्रकारांनी आपल्या गावच्या कंकालेश्वराच्या कुंडातील मंदिराचे प्रतिबिंब प्रातःकाळी आणि सायंकाळी एकाच जागेवरून अवश्य रंगवून पाहावे.